गोळ्या वेळेवर, तरीही फिट: कोकणातल्या एका लॅब्रडॉरचं प्रकरण

रुग्ण: नर लॅब्रडॉर, वय अडीच वर्षं, वजन २८ किलो, नाव शेरू. घर चिपळूणजवळच्या एका गावात, अंगण-पडवीचं. घरात निवृत्त शिक्षक, ज्यांना अख्खं गाव गुरुजीच म्हणतं, त्यांच्या पत्नी (काकू), मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. लसीकरण पूर्ण. पहिली फिट फेब्रुवारीत पहाटे आली, दुसरी साधारण पाच आठवड्यांनी, तिसरी त्यानंतर तीनच आठवड्यांनी. तिसरीनंतर शेरूला माझ्याकडे आणलं.

हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचं कारण असं की, अपस्माराच्या कुत्र्यांबाबत "औषध लागू पडत नाही" असं फार लवकर ठरवलं जातं. शेरूच्या बाबतीत पुढच्या दीड वर्षात हे तीनदा म्हटलं गेलं. त्यातल्या एकाच वेळी ते खरं होतं. उरलेल्या दोन्ही वेळी गोळी पोटात जात होती, पण रक्तात पुरेशी नव्हती.

सूनबाईंनी दुसऱ्या फिटचं मोबाइलवर चित्रण केलं होतं. निदानाला त्याचा जेवढा उपयोग झाला तेवढा दुसऱ्या कशाचाच नाही. झोपलेला शेरू उठतो, दोन पावलं टाकतो आणि एका कुशीवर कोसळतो. मान मागे, चारही पाय ताठ, जबडा घट्ट. मग पाय पोहल्यासारखे हलू लागतात, तोंडाला फेस येतो, लघवी होते. हे सगळं दीडेक मिनिट. नंतर तो उठून भिंतींना धडकत फिरतो, ओळख दाखवत नाही, आणि थोड्या वेळाने भांड्यातलं अन्न हावरटासारखं संपवतो. हृदयाच्या त्रासाने बेशुद्ध पडणारं कुत्रं बहुधा ढिलं पडतं आणि मिनिटभरात जसं होतं तसं उभं राहतं. इथे ताठरपणा, झटके आणि नंतरचा गोंधळ तिन्ही होतं, म्हणजे ही मेंदूतून येणारी आकडीच होती.

पहिल्या फिटला शेजारचे लोक काठ्या घेऊन आले होते. फेस बघून कुत्रं पिसाळलं असंच सगळ्यांना वाटलं. ही भीती समजण्यासारखी आहे, पण तिच्यापायी अपस्माराची किती कुत्री हकनाक मारली जातात याचा हिशोब कुणी ठेवत नाही. पिसाळलेलं कुत्रं दोन तासांनी शेपटी हलवत अंगणात येत नाही. रेबीजची लक्षणं सुरू झाली की ती वाढतच जातात आणि साधारण दहा दिवसांच्या आत जनावर दगावतं. शेरू दर वेळी दुसऱ्या दिवशी पूर्ववत होत होता, आणि त्याला रेबीजची लसही टोचलेली होती. अर्थात ज्याच्या लसीचा पत्ता नाही अशा कुत्र्याच्या तोंडाला हात लावू नये, हे फिट असो वा नसो लागू आहे. काठ्यांची वेळ टळल्यावर कांदा हुंगवा, चप्पल हुंगवा हे सुरू झालं. त्याने काही साधत नाही, उलट हुंगवणाऱ्याचा हात जबड्याजवळ जातो आणि त्या क्षणी कुत्र्याला आपण कुणाला चावतोय याचं भान नसतं. जीभ गिळली जाईल म्हणून तोंडात चमचा घालायचीही गरज नाही, जीभ गिळली जात नाही. पाणी तर अजिबात पाजू नये, ते फुप्फुसात जातं.

निदान

सुदृढ दिसणाऱ्या कुत्र्याला सहा महिने ते सहा वर्षं या वयात पहिली फिट आली, दोन फिट्समध्ये किमान एका दिवसाचं अंतर राहिलं, आणि मधल्या काळात चालणं, नजर, वागणं सगळं ठीक असलं, तर आनुवंशिक किंवा अज्ञात कारणाचा अपस्मार हा पहिला संशय. लॅब्रडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, बीगल, जर्मन शेफर्ड या जातींत तो जास्त दिसतो. पण संशय म्हणजे निदान नव्हे. आपल्याकडे तर बाकीची कारणं इतकी आहेत की ती एकेक करून बाद करावीच लागतात.

शेरूच्या घरामागे आंब्याची बाग होती, म्हणून पहिला प्रश्न फवारणीचा. मोहोराच्या दिवसांत कीटकनाशकांचे डबे पडवीत असतात आणि ऑर्गनोफॉस्फरस गटातल्या औषधांनी झटके येतात. पण त्यात लाळ, उलटी, जुलाब, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या असं बरंच काही सोबत येतं, आणि तीन-पाच आठवड्यांच्या अंतराने विषबाधा पुन्हा पुन्हा होत नाही. उंदराचं औषध घरात नव्हतं. डिस्टेंपर हा विषाणूचा आजार झालेल्या कुत्र्याचा एखादा स्नायू झोपेतही लयीत उडत राहतो, तसं काही नव्हतं. गोचिडांचा ताप पाहण्यासाठी रक्ताची काच तपासली, ती निर्दोष निघाली. साखर, कॅल्शियम, मूत्रपिंड, यकृत, लघवी सगळं जागेवर. उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी पित्ताम्लं मोजली, तीही मर्यादेत, म्हणजे यकृताला वळसा घालून जाणाऱ्या रक्तवाहिनीचा दोष नव्हता.

मज्जासंस्थेची तपासणी मी फिटनंतर चार दिवसांनी केली. फिट संपल्या संपल्या केली असती तर दृष्टी मंद, पाय लटपटते असं खोटं चित्र दिसलं असतं. पंजा उलटा टेकवला की तो लगेच सरळ करत होता, डोळ्यासमोर हात नेला की पापणी मिटत होती. एमआरआय केला नाही. त्यासाठी शहर गाठावं लागतं, पूर्ण भूल द्यावी लागते, खर्च मोठा होतो, आणि या वयाच्या, मधल्या काळात ठणठणीत असणाऱ्या कुत्र्यात त्यातून उपचार बदलण्याची शक्यता कमी. शेरू सात वर्षांचा असता किंवा एका बाजूला गोल फिरत असता तर मी आग्रह धरला असता.

पहिलं औषध

एकदाच फिट आली आणि पुढे वर्षभर नाही, तर औषध सुरू करण्याची घाई नको. सहा महिन्यांत दोन किंवा अधिक फिट, एका दिवसात दोन-तीन फिट, पाच मिनिटांहून लांबलेली फिट, किंवा फिटनंतर दिवसभर टिकणारा त्रास, यातलं काहीही असेल तर मात्र थांबू नये. शेरूच्या तीन फिट अडीच महिन्यांच्या आत झाल्या होत्या आणि अंतर कमी होत चाललं होतं.

निवड फिनोबार्बिटोनची केली. १९१२ साली आल्फ्रेड हाउप्टमान या जर्मन डॉक्टरांनी माणसांच्या अपस्मारात वापरलेलं हे औषध कुत्र्यांत अजूनही पहिल्या पसंतीचं आहे. आपल्याकडे ते गार्डिनल या नावाने ३० आणि ६० मि.ग्रॅ.च्या गोळ्यांत मिळतं, स्वस्त आहे, आणि चिठ्ठीशिवाय मिळत नाही. सुरुवातीची मात्रा दर किलोला २.५ ते ३ मि.ग्रॅ., दिवसातून दोनदा. शेरूला ७५ मि.ग्रॅ. ठरली: ६० ची एक आणि ३० ची अर्धी, सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला.

"आयुष्यभर, डॉक्टर?" गुरुजींनी विचारलं.

"बहुधा हो, गुरुजी. आणि फिट कायमच्या बंद होतील असंही मी म्हणत नाही. त्या विरळ आणि छोट्या झाल्या तरी औषध काम करतंय असं समजायचं."

हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोललेलं बरं. नाहीतर औषध सुरू असताना आलेल्या पहिल्या फिटला घरचे खचतात आणि गोळी बंद करतात. अचानक बंद केलेलं फिनोबार्बिटोन हे न दिलेल्या फिनोबार्बिटोनपेक्षा घातक असतं. सवय झालेल्या मेंदूला ते एकदम मिळेनासं झालं की फिटमागून फिट येऊ शकते. म्हणून महिन्याच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढची चिठ्ठी न्यायची, असा आमच्याकडे नियम आहे. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

पहिले दोन आठवडे घराला कठीण गेले. शेरूचे मागचे पाय लटपटत, तो दिवसभर झोपे, भरमसाट पाणी पिई, रात्री पडवीत लघवी करी. "हा आमचा शेरूच राहिला नाही," असं काकू फोनवर म्हणाल्या. गुंगी दोन-तीन आठवड्यांत ओसरते हे आधी सांगितलेलं होतं म्हणून त्यांनी धीर धरला, आणि गुंगी खरोखरच ओसरली. तहान आणि भूक मात्र राहिली. भूक पुढे महागात पडली.

दोन आठवड्यांनी रक्तातली पातळी मोजली, कारण मात्रा बदलल्यावर औषध स्थिरावायला साधारण तेवढे दिवस लागतात. दर मिलिलिटरला २१ मायक्रोग्रॅम भरली. १५ ते ४५ ही छापील मर्यादा. माझ्या मते पातळी २५ ते ३० च्या दरम्यान असावी, आणि ३५ च्या वर यकृताला धोका. पण २१ वर फिट थांबली होती, म्हणून मात्रेला हात लावला नाही. या तपासणीतली एक बारीक गोष्ट नमुना घेणाऱ्याला सांगूनच ठेवावी: रक्त साध्या लाल झाकणाच्या नळीत घ्यायचं, जेल असलेल्या नळीत नाही. जेल औषध शोषून घेतं आणि पातळी खोटीच कमी दिसते.

सप्टेंबर: गोळ्या तेवढ्याच, पातळी दोन-तृतीयांशावर

एप्रिल ते ऑगस्ट एकही फिट नाही. गणपतीच्या आठवड्यात दोन आल्या. घरात पाहुणे, धांदल, म्हणून मला आधी गोळी चुकल्याचा संशय आला. पण नातीने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर प्रत्येक गोळीला खूण केलेली होती. ते पान सूनबाईंनी फोटो काढून पाठवलं, आणि त्यात एकही चौकोन रिकामा नव्हता. मुलाचं म्हणणं, हे औषध आता निकामी झालं, दुसरं द्या. एका ओळखीच्यांनी तर माणसाच्या फिटच्या गोळ्यांचं नावही सुचवलं होतं.

रक्त तपासलं: १४. वजन केलं: ३३ किलो.

दोन कारणं एकत्र आली होती. फिनोबार्बिटोन यकृतातली अशी विकरं (एन्झाइम्स) वाढवतं की जी फिनोबार्बिटोनचाच निचरा करतात. पहिल्या काही महिन्यांत शरीर औषध अधिकाधिक वेगाने बाहेर टाकू लागतं आणि त्याच गोळीतून पातळी खाली सरकते. त्यात भुकेने पाच किलो वजन चढलेलं, म्हणजे दर किलोमागे मात्रा २.७ वरून २.३ वर आलेली. औषध निकामी झालं नव्हतं, कमी पडत होतं. अशा वेळी दुसरं औषध जोडलं असतं तर शेरू दोन्ही औषधांचे दुष्परिणाम सोसत, एकाचाही पूर्ण फायदा न घेता राहिला असता.

मात्रा १२० मि.ग्रॅ. केली, ६० च्या दोन गोळ्या. दोन आठवड्यांनी पातळी २३. भात निम्मा केला, जागी उकडलेला दुधी आणि गाजर आलं, पोट भरल्यासारखं वाटायला. दोन महिन्यांत वजन ३१ वर आलं.

खरोखर कमी पडलं तेव्हा

दिवाळीनंतर एका दिवसात तीन फिट आल्या. चोवीस तासांत दोन किंवा जास्त फिट म्हणजे झुंडीने आलेले झटके, आणि त्यांचं गांभीर्य वेगळं. शेरूला दवाखान्यात ठेवून शिरेतून औषध द्यावं लागलं. मात्रा १५० केली, पातळी २९ वर पोचली. तरीही डिसेंबर आणि जानेवारीत एकेक फिट झाली.

आता निर्णय वेगळा होता. पातळी जिथे हवी तिथे होती, गोळी चुकत नव्हती, वजन आटोक्यात होतं. अल्कलाइन फॉस्फटेज ४२० पर्यंत चढलं होतं. एवढ्यावरून घाबरू नये, हे विकर फिनोबार्बिटोनच्या जवळजवळ प्रत्येक कुत्र्यात वाढतं आणि त्याचा अर्थ यकृत खराब झालं असा नाही. बघायचं ते एएलटी (यकृताचं दुसरं विकर), अल्ब्युमिन (यकृतात बनणारं रक्तातलं प्रथिन) आणि पित्ताम्लांकडे, आणि ती तिन्ही ठीक होती. तरी मात्रा आणखी वाढवत ३५ पलीकडे जाण्यापेक्षा दुसरं औषध जोडणं शहाणपणाचं होतं.

लेव्हेटिरासिटॅम हा एक पर्याय. सुरक्षित आहे, पण कुत्र्यात काही तासांतच उतरतं, म्हणून दर आठ तासांनी द्यावं लागतं, आणि सोबत फिनोबार्बिटोन असेल तर आणखी लवकर. दोघं नोकरीला जाणाऱ्या घरात दुपारची मात्रा कोण देणार? गुरुजींच्या हाताला कंप, काकू गोळी देताना घाबरतात. मी पोटॅशियम ब्रोमाइड निवडलं. हे तर फिनोबार्बिटोनहूनही जुनं, १८५७ साली लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी अपस्मारासाठी पुढे आणलेलं. यकृताला ते शिवत नाही, मूत्रपिंडातून जसंच्या तसं बाहेर पडतं. दर किलोला १५ मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, जेवणातच, नाहीतर पोट बिघडतं. आमच्या भागातल्या मेडिकलात ते मिळत नाही, शहरातून द्रावण बनवून आणावं लागतं. घरात मांजर असेल तर तिच्या वाट्याला ते चुकूनही जाऊ देऊ नये, मांजरांच्या फुप्फुसांना ते बाधतं.

ब्रोमाइड फार सावकाश चढतं, स्थिरावायला अडीच-तीन महिने लागतात. मेपर्यंत फिट थांबल्या होत्या.

जुलै: खारं

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एक फिट, चौथ्यात दोन. फिनोबार्बिटोन २८. मूत्रपिंड ठीक. दोन्ही औषधं वेळेवर, कॅलेंडर भरलेलं. "आता तरी एमआरआय करू या का?" गुरुजींनी विचारलं, आणि मीही त्याचा विचार करू लागलो होतो.

ब्रोमाइडची पातळी मोजून घेणं आमच्या भागातून सोपं नाही. पण एक आडवाटेची खूण आहे. रक्तातलं क्लोराइड मोजणाऱ्या नेहमीच्या यंत्राला ब्रोमाइड आणि क्लोराइड यातला फरक नीट कळत नाही, म्हणून ब्रोमाइडवरच्या कुत्र्याचं क्लोराइड खोटंच जास्त दिसतं. मे महिन्यात शेरूचं क्लोराइड १२८ दिसलं होतं. आता ११७. हे मोजमाप नव्हे, पण आकडा घसरला याचा अर्थ बहुधा ब्रोमाइड घसरलं.

का घसरलं ते काकूंच्या एका उत्तरात सापडलं. शेरू एरवी काय खातो? भात आणि बिनमिठाची उकडलेली ताजी मासळी. आणि हल्ली? हल्ली ताजी मासळी कुठली, डॉक्टर. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. मेमध्येच घराघरांत सुकट, जवळा, सुके बोंबील, खारा बांगडा भरून ठेवतात. शेरूच्या भातावर दीड महिना सुकटीचं पाणी पडत होतं, आणि खाऱ्या बांगड्याची डोकी त्याचीच होती.

मूत्रपिंड मिठातलं क्लोराइड आणि ब्रोमाइड एकाच वाटेने हाताळतं. क्लोराइड भरपूर आलं की ब्रोमाइड परत शोषलं जात नाही, लघवीवाटे निघून जातं. बीगल कुत्र्यांवरच्या अभ्यासात कमी क्लोराइडच्या आहारावर ब्रोमाइड निम्मं व्हायला सुमारे ६९ दिवस लागले, भरपूर क्लोराइडच्या आहारावर सुमारे २४. मासळीबंदीमुळे शेरूचं औषध लघवीतून वाहून गेलं होतं.

ब्रोमाइडची मात्रा मी वाढवली नाही. वाढवली असती आणि ऑगस्टमध्ये ताजी मासळी परत आली असती, तर मीठ कमी झाल्यावर तेच ब्रोमाइड साचून शेरू लुळा पडला असता. सुकं सगळं बंद केलं, भातावर उकडलेलं अंडं आणि बिनमिठाचं चिकन आलं. पापड, फरसाण, बिस्किटं यांचीही यादी नातीच्या हाती दिली, कारण ती तीच त्याला गुपचूप देत असे. हीच सावधगिरी उलट्या बाजूनेही लागते: मीठ एकदम तोडलं तरी पातळी उसळते. आहार बदलायचा तर सांगून, सावकाश आणि एकदाच.

ब्रोमाइड पुन्हा चढेपर्यंतचे आठवडे धोक्याचे होते, म्हणून घरी मिडॅझोलामचा नाकात मारायचा फवारा ठेवला. लहान मुलांच्या फिटसाठी मिळतो तोच. शेरूच्या वजनाला किती फवारे ते डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. नियम असा: फिट सुरू झाली की मोबाइलवर वेळ लावायची, जिन्यापासून आणि टोकदार वस्तूंपासून त्याला दूर करायचं, दोन मिनिटांत थांबली नाही तर फवारा, पाच मिनिटं झाली तर अंग ओलं करून पंख्याखाली घेत गाडीत घालायचं. फवारा एकदाच लागला, ऑगस्टच्या सुरुवातीला, आणि सूनबाईंनी तो न घाबरता मारला.

आजची स्थिती

शेवटची फिट सप्टेंबरमध्ये झाली, एक मिनिटाहून कमी. त्यानंतर आठ महिने झाले. फिनोबार्बिटोन १५० मि.ग्रॅ. दोनदा, ब्रोमाइड ४५० मि.ग्रॅ. दोनदा, वजन ३० किलो. पातळी, यकृत, मूत्रपिंड दर सहा महिन्यांनी. गोचिडांसाठी चघळायच्या गोळ्या आम्ही देत नाही. आयसोक्झाझोलिन गटातल्या या औषधांनी काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये दिला आहे, आणि ज्याला आधीच अपस्मार आहे त्याच्यावर तो धोका घ्यायचं कारण नाही. मानेवर सोडायचं फिप्रोनिल आणि रोज संध्याकाळी काकूंची बोटं एवढ्यावर भागतं.

मुलाने परवा विचारलं, आठ महिने झाले, एखादं औषध कमी करायचं का. अजून नाही. वर्ष-दोन वर्षं फिटशिवाय गेली तरच तो विचार, आणि तेव्हाही महिन्याला वीस टक्क्यांहून जास्त उतरवायचं नाही. झुंडीने झटके आलेल्या कुत्र्यात मी तेही जपूनच करीन. सध्याचा प्रश्न येत्या जूनचा आहे. मेअखेर बिनमिठाची मासळी उकडून फ्रीजरमध्ये भरून ठेवायची, कमी पडली तर चिकन, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात क्लोराइड पुन्हा बघायचं असं ठरलं आहे.